दुसऱ्या अंकातली ओहोटी

तारीख : सन १९२९, फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळी साडेनऊ. रक्कम : रुपये पस्तीस. हजर : आमच्या गावच्या हौशी नाट्यसंस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब, नायकाची कामं करणारा दिनकर, कपडेपट सांभाळणारा विठू शिंपी, खजिनदार या नात्यानं मी, आणि पाचवे मास्तर. मास्तरांचं म्हणणं मात्र असं होतं की ते हजर नाहीत. त्या दिवशी त्यांच्या अंगात काळा सदरा आणि काळी विजार होती. चिनी नाटकात काळे कपडे घातलेला माणूस रंगमंचावर सामानाची मांडामांड करत सगळ्यांसमोर फिरतो, पण प्रेक्षकांनी त्याला बघायचं नसतं. म्हणून तो नसतो.

"मग करारावर सही कोण करणार?" मी विचारलं.

"सदरा बदलून मीच..." मास्तर म्हणाले आणि थांबले.

"येईन," विठू म्हणाला.

मास्तर हे असे बोलत. वाक्याचा शेवट शक्यतो स्वतः करायचा नाही, हा त्यांचा नेम होता. ज्या चिनी नाटकावर त्यांचा जीव होता, त्यात म्हणे गाणारा नट ओळीचे शेवटचे शब्द सोडून देतो आणि पडद्यामागचे सगळे मिळून ते उचलतात. तिथे त्याचा परिणाम काय होत असेल तो होवो. आमच्या घरी त्याचा परिणाम चहा असा होई. मास्तर ओटीवर येऊन बसत आणि म्हणत, "खजिनदार, आज घसा जरा..." मी वहीत डोकं घाली. "कोरडा पडलाय," असं आतून आमच्या मंडळींचं उत्तर येई आणि पाठोपाठ कपबशी येई. महिन्याला सरासरी अकरा कप. मी मोजलेले आहेत.

मास्तर मूळचे आमच्याच तालुक्यातले, रेवदंड्याच्या खाडीकाठचे. विशीच्या आत जहाजावर चढले आणि सिंगापुरात उतरले, ते पन्नाशी उलटल्यावर परत आले. तिथे नदीकाठी तांदळाची वखार होती, तिचे हे रखवालदार. वखारीचे मालक तोचू म्हणून चिनातला एक किनारी मुलूख आहे, तिकडचे व्यापारी. वखारीसमोर त्यांच्या देवाचं देऊळ. देवाचा उत्सव आला की देवळासमोर फळ्यांचा मंच उभा राही आणि त्या मुलुखातली नाटक मंडळी देवाला नाटक दाखवीत. माणसांनी बघितलं तर बघितलं. मास्तरांनी अकरा वर्षं बघितलं. तेवढ्या भांडवलावर ते आमच्या गावात 'मास्तर' झाले. टवाळ पोरं त्यांना चिनीमास्तर म्हणत आणि ते ओ देत.

त्या नाटकात मंचावर दारं नसतात, नट ती हातापायांनी दाखवतात; मास्तरही चालता चालता मध्येच फूटभर पाय उचलून तसा उंबरठा ओलांडत. आमच्या घराचा उंबरठा चार बोटं उंच आहे. मास्तर आधी हवेतली कडी काढत, दोन्ही हातांनी हवेतली दारं आत लोटत, मग गुडघा छातीशी नेऊन आत येत. खरं दार उघडंच असे. एकदा ते लावलेलं होतं. मास्तरांनी हवेतलं दार नीट उघडलं आणि लाकडी दारावर कपाळ आपटून घेतलं. नंतर आठ दिवस ते सांगत फिरत होते की दोष दाराचा आहे.

कुणी अलिबागला निघालं की मास्तर सांगत, "त्यात काय आहे? मंचाला एक फेरी मारली की शंभर कोस होतात." गावातलं कुणी अजून त्या मार्गानं अलिबागला पोचलेलं नाही. मास्तर स्वतः बैलगाडीनं जात आणि भाड्याचा विषय निघाला की शेवटचे शब्द सोडून देत.

काळ्या कपड्यांचा उपयोग त्यांनी लग्नकार्यांतही केला. भाऊसाहेबांच्या मुलीच्या लग्नाचं त्यांना आमंत्रण नव्हतं. ते काळ्या सदऱ्यात आले, पहिल्या पंगतीला बसले, आणि कुणी हटकलं की बोट ओठांवर ठेवून म्हणत, "मी दिसत नाही." दुसऱ्या पंगतीलाही ते दिसले नाहीत. जिलब्या कमी पडल्या तेव्हा भाऊसाहेबांना ते दिसले, आणि तेव्हापासून दोघांचं वाकडं होतं.

वाकड्याचं दुसरं कारण विदूषकांचं. मास्तरांच्या सांगण्यावरून तोचू नाटकात विदूषकांचे दहा प्रकार आहेत. प्रत्येकाची चाल वेगळी आणि पंखा धरायची तऱ्हा वेगळी. मास्तरांनी सगळा गाव या दहा प्रकारांत बसवून टाकला होता. भाऊसाहेब मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले, म्हणून त्यांना 'सरकारी झग्याचा विदूषक' हे पद मिळालं. मी कोण, असं एकदा मी सरळ विचारलं. मास्तरांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "चपला फटफटवणारा. हा प्रकार फार अवघड असतो. साधा माणूस वाटला पाहिजे." मी हे त्यांनी सांगितलं तसं नोंदवतो.

आता करार. आमची संस्था दर वर्षी चैत्री पौर्णिमेच्या जत्रेत देवळासमोर नाटक करी. त्या वर्षीचं पाच अंकी संगीत नाटक भाऊसाहेबांनी स्वतः लिहिलं होतं. दुसऱ्या अंकात वनवासी राजपुत्र होडीतून नदी ओलांडतो आणि मध्यावर पद म्हणतो. त्यासाठी भाऊसाहेबांना मुंबईच्या पेंटरकडून नदीचा पडदा हवा होता, त्याचे एकशे दहा रुपये. शिवाय चाकांवर सरकणारी लाकडी होडी, तिचे बेचाळीस. संस्थेची शिल्लक शहाण्णव रुपये चार आणे.

मास्तर म्हणाले, "पडदा नको, होडी नको. एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक वल्हं."

"अहो, नदी नाही, होडी नाही, मग लोक बघणार काय?" भाऊसाहेब ओरडले.

"दिनकरचे गुडघे," मास्तर म्हणाले.

टेबल-खुर्च्या शाळेच्या होत्या. वल्हं कोळीवाड्यातून धर्मा तांडेल फुकट देणार होता. धर्मा म्हणजे कोळीवाड्यातला सगळ्यात वयस्कर नावाडी. त्याचा शब्द तिथे शेवटचा. एकूण खर्च मास्तरांचे पस्तीस रुपये. मी मास्तरांच्या बाजूनं मत दिलं. कलेबद्दल मला मत नव्हतं, शिल्लकेबद्दल होतं.

भाऊसाहेब हरले, पण अट घालूनच हरले. अट मीच लिहून काढली, त्यामुळे ती नेमकी आहे : नाटक शेवटच्या अंकापर्यंत पूर्ण झालं तर मास्तरांना पस्तीस रुपये रोख आणि संस्थेच्या खोलीत पुढेही फुकट राहण्याची मुभा. पूर्ण झालं नाही तर पैसे नाहीत आणि आठ दिवसांत खोली रिकामी. ही खोली देवळामागे होती. आत संस्थेच्या पेट्या असत आणि चार वर्षं मास्तर त्या पेट्यांवर निजत. गावात त्यांचं दुसरं छप्पर नव्हतं. भावानं घर केव्हाच स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं.

सदरा बदलून येऊन मास्तरांनी सही केली.

तालमी शाळेच्या पडवीत होत. होडी कशी चालवायची हे मास्तरांनी पहिल्या दिवशी दाखवलं, आणि खरं सांगतो, त्या दिवशी मी हसलो नाही. होडीत दोघं : पुढे राजपुत्र, मागे नावाडी झालेला विठू. एक जण गुडघ्यात वाकून खाली गेला की दुसऱ्यानं हळूच वर यायचं. दोघांतलं अंतर एक बोटही कमी-जास्त व्हायचं नाही, कारण होडी ताणत नाही आणि आखडत नाही. ते अंतर राखायला मास्तरांनी दोघांच्या कमरेला एक वेळू बांधला. दोन महिने दिनकर आणि विठू वेळूला बांधलेले असे वर-खाली होत होते. विठू निमूट करी. दिनकरची आई माझ्या घरी येऊन सांगून गेली की पोराला जिना चढवत नाही.

साथीला मास्तरांनी शाळेची तास वाजवायची पितळी थाळी घेतली. तिच्यावर पहिला टोला पडला आणि अख्खी शाळा सुटली. दुसऱ्या दिवशीही सुटली. तिसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी थाळी परत मागितली.

दिनकर कापडदुकानदाराचा एकुलता एक मुलगा. गळा चांगला होता आणि ते त्याला माहीत होतं. तीन जत्रांत मिळून त्यानं सतरा 'वन्समोअर' घेतले होते. त्याची रीत ठरलेली होती : पद संपलं की समोर, अगदी मंचाच्या कडेला यायचं, डावा हात छातीवर ठेवून वाकायचं आणि पुन्हा सुरू करायचं. मास्तर त्याला रोज बजावत, "पद झालं तरी तू होडीत आहेस. टाळ्या पडल्या तरी तू होडीत आहेस. तुझा बाप समोर उभा राहिला तरी तू..."

"होडीत आहे," दिनकर वैतागून पुरं करी.

एकदा तालीम संपल्यावर मी मास्तरांना विचारलं, "तुम्ही स्वतः त्या मंचावर कधी काम केलंत का?" हिशेबाच्या दृष्टीनं मला हे माहीत असायला हवं होतं.

ते वेळू सोडत होते. म्हणाले, "कधी चढलो नाही. परक्या माणसाला कोण चढवणार? समोर बसलो. अकरा वर्षं समोर बसणं कमी आहे का?" वेळू भिंतीला टेकवत स्वतःच म्हणाले, "तिथला नावाडी म्हातारा होता, एका डोळ्यानं आंधळा. तो वल्हं मारायला लागला की माझ्या धोतराचा सोगा ओला झाला का, ते मी चाचपून बघायचो. इथे तसं एकदा झालं पाहिजे. माझ्या डोळ्यादेखत एकदा. मग खोली घ्या नाहीतर..."

मी ते वाक्य पुरं केलं नाही.

जत्रेच्या दिवशी नाटक रात्री दहाला ठेवायचं, ही जुनी पद्धत मी त्या वर्षी मोडली. चार गॅसबत्त्यांचं एका रात्रीचं भाडं साडेचार रुपये होतं. नाटक दुपारी चारला सुरू केलं तर ते वाचत होते. मास्तर म्हणाले की सिंगापुरातही दुपारचा खेळ असे, म्हणून ते खूश. दर अंकाला अर्धा तास धरून साडेसहाच्या आत पाचही अंक बसत होते. मी हिशेब दोनदा करून पाहिला होता.

माडाच्या झापांचा मांडव होता. पुढे खुर्च्यांवर गावातली प्रतिष्ठित मंडळी. पण खुर्च्या वीस आणि माणसं सहाशे. बाकी सगळा कोळीवाडा जमिनीवर, पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे. सगळ्यांत पुढे धर्मा तांडेल, आपलं वल्हं नीट वापरतायत की नाही ते बघायला आलेला. मास्तर काळ्या कपड्यांत मंचाच्या उजव्या कोपऱ्यात स्टुलावर बसले होते.

पहिला अंक निम्मा लोकांनी बोलण्यात घालवला. दुसरा लागला. विठू वल्हं घेऊन आला आणि होडीत चढला. म्हणजे त्यानं एक पाय टाकला, होडी त्या अंगाला कलली, त्यानं तोल सावरला. मग दिनकर चढला. तो खाली, विठू वर. विठू खाली, तो वर. खुर्च्यांमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. कोळीवाडा गप्प झाला. मग एक बाई दुसरीला म्हणालेली मी ऐकली, "नवी होरी दिसतंय. हलकी हाय." तिथून पुढे त्या मांडवात होडी होती. माझा स्वभाव माहीत असलेल्यांनी यावर विश्वास ठेवावा.

नदीच्या मध्यावर विठूनं वल्हं थांबवलं आणि दिनकरनं पद म्हटलं. उत्तम म्हटलं. खुर्च्यांमधून "वन्समोअर!" आला. आणि दिनकर, दोन महिने वेळूला बांधलेला दिनकर, डावा हात छातीवर ठेवून सरळ चार पावलं पुढे आला आणि वाकला.

 मग बायकांच्या बाजूनं किंकाळी आली.

"बुरला! शेठचा पोर बुरला!"

सगळा कोळीवाडा उभा राहिला. दिनकरला वाटलं हे आपल्या पदाचं कौतुक. त्यानं पुन्हा सूर लावला.

"बुरलेला मानूस गानी म्हनतो व्हय?" कुणीतरी गरजलं. "गप ऱ्हा! तोंडात पानी जाल!"

धर्मा तांडेल मंचापाशी आला. "आदी त्याला काडा भाईर. नाटक मंग."

"अहो, मी बुडालो नाही!" दिनकर म्हणाला. "हे बघा. कोरडा आहे मी!" त्यानं अंगरख्याचा घोळ उचलून दाखवला.

"कोरडा?" धर्मा कीव करत म्हणाला. "अवो शेठ, दुपारची ओहोटी लागली हाय. तुमी आता खाडीच्या तोंडाशी गेलाव."

दिनकर चिडून विंगेकडे चालू लागला. "वाहून चालला! धरा!" असा एकच ओरडा झाला, आणि तो जागच्या जागी थांबला. विंगेत जाऊन परत आला असता तर मेलेला माणूस परत आला असं झालं असतं, आणि पुढचे तीन अंक राजपुत्राचेच होते. विठू होडीत वल्हं आडवं धरून तसाच उभा. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

भाऊसाहेब उठले. कोट, उपरणं, पगडी. ते मंचावर चढले आणि मधोमध येऊन दोन्ही हात वर करून म्हणाले, "बंधुभगिनींनो, ही नदी काल्पनिक आहे..."

"म्हाताऱ्यालाबी घेतला पान्यानं!"

भाऊसाहेबांनी खाली बघितलं. मी त्यांना तीस वर्षं ओळखतो. त्यांनी खाली बघितलं.

तोवर सव्वापाच झाले होते. माझ्या हातात घड्याळ होतं आणि मास्तरांकडे बघायचं मी टाळत होतो. नाटक इथे मोडलं तर त्यांच्या पेट्या गेल्या, हे मला ठाऊक होतं. लिहिणारा मीच होतो.

मास्तर स्टुलावरून उठले. त्यांनी काळा सदरा काढून स्टुलावर ठेवला, विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले आणि धर्माला विचारलं, "तांडेल, पाणी किती?"

"कमरंएवढं. डाव्या अंगानं या मास्तर, उजवीकडं खडक हाय."

हात खांद्यांच्या वर धरून मास्तर पाण्यातून निघाले. मंच पंधरा फुटांचा. होडीपाशी पोचायला त्यांना इतका वेळ लागला की माझ्या शेजारच्या पोस्टमास्तरांनी आपले पाय खुर्चीवर घेतले. मास्तरांनी होडीच्या कडेला हात घातला, अंग वर टाकलं. ते खाली आणि विठू आपोआप वर. दोन महिन्यांचा वेळू तेवढा कामाला आला. मग त्यांनी वल्हं घेतलं आणि कोळ्यांची वल्हवताना म्हणायची हाळी धरली. पहिला अर्धा भाग त्यांनी म्हटला आणि सोडून दिला. उरलेला सहाशे माणसांनी उचलला.

पुढचे पावणेदोन तास ते नाटक कुणाच्या हातात नव्हतं. "पाठी घ्या!" "आता सोडा, भोवरा हाय!" "दोर टाका, दोर!" मास्तरांनी नसलेला दोर टाकला. दिनकरनं तोंड फिरवलं. दुसऱ्यांदा टाकला. खुर्च्यांमधून त्याचा बाप उठून ओरडला, "धर की रे गाढवा!" दिनकरनं दोर धरला. मग भाऊसाहेबांची पाळी. ते म्हणाले, "मी धरणार नाही. मी लेखक आहे." बायकांमधून एक म्हातारी म्हणाली, "बाबा, घरी कुनी हाय का न्हाय तुमच्या?" भाऊसाहेबांनी धरला. ते चढले तेव्हा होडी इतकी कलली की डावीकडचे सगळे पुरुष उजवीकडे झुकले. चौघं मिळून वर-खाली होत, एका लयीत, काठाला आले. होडी काठाला लागताक्षणी तिच्यात पैसे पडू लागले. होडीत म्हणजे जिथे ती होती त्या फळ्यांवर. एक पैसाही बाहेर पडला नाही.

तिसरा अंक लावायला गेलो तेव्हा सूर्य खाडीपलीकडे गेला होता. मांडवात माणूस ओळखू येईना. गॅसबत्त्या मी घेतलेल्या नव्हत्या. तेवढ्यात देवाची पालखी निघाली आणि लोक तिच्यामागे गेले. नाटक दोन अंकांचं झालं, दुसराही पुरा नाही.

आज या गोष्टीला आठ वर्षं होत आली. मध्यंतरी भाऊसाहेबांनी संस्थेच्या पैशांतून नदीचा पडदा आणलाच. मास्तरांचे न दिलेले पस्तीस रुपये त्यातच गेले. पडद्यावर निळं पाणी आहे, दोन हंस आहेत. पहिल्या खेळाला कोळीवाडा आला, पडद्याकडे बघितलं, भरती आहे की ओहोटी ते कळेना म्हणून उठून गेला. आता खुर्च्या वीस आणि माणसं तीस-चाळीस असतात.

तर त्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पडवीत सगळे जमले. भाऊसाहेबांनी करार वाचायला लावला. मी वाचला. नाटक पूर्ण झालं का? नाही. का झालं नाही, असं करारात कुठे विचारलेलं नव्हतं, आणि साडेचार रुपये मी वाचवले होते हे कुणी बोललं नाही. मीही बोललो नाही. मास्तर म्हणाले, "बरोबर आहे. पुरं झालं नाही. आठ दिवस लागणार नाहीत, माझी एकच वळकटी आहे." ते सगळी वाक्यं स्वतःच पुरी करत होते आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं की भाऊसाहेबांना राग आला.

उरला प्रश्न होडीत पडलेल्या पैशांचा. मोजले : एकोणीस रुपये सहा आणे. शिवाय सुक्या बोंबलांची एक जुडी, ती हिशेबात धरलेली नाही. भाऊसाहेब म्हणाले, पैसे संस्थेच्या मंचावर पडले, संस्थेचे. धर्मा तांडेल पडवीच्या पायरीवर बसला होता. तो म्हणाला, "पैसं होरीत परले. होरीत येतं त्येचा वाटा परतो. अर्धा होरीचा. अर्धा मानसांचा."

"चौघं होतो," दिनकर लगेच म्हणाला.

"दोगं. पान्यातनं काडलेल्याला वाटा नसतो, शेठ."

दिनकर आणि भाऊसाहेब एकमेकांकडे बघू लागले. मग भाऊसाहेब म्हणाले, "ठीक. पण होडीचा वाटा मालकाला जातो ना? होडी संस्थेची."

मी सामानाची वही उघडली. वहीत होडी नव्हती. उलट होडी घ्यायची नाही असा ठराव होता, खाली भाऊसाहेबांची सही. "संस्थेकडे होडी नाही," मी म्हणालो. ते खरं होतं, म्हणून म्हणालो. "मास्तर, तुमची का?"

"माझी कुठून? मी नुसतं वल्हं मारलं, तेही तांडेलांचं. होडी ज्यांना दिसली त्यांची."

ती कुणाला दिसली हे पडवीतल्या सगळ्यांना माहीत होतं. मी वाटे केले. विठू शिंपी, चार रुपये तेरा आणे सहा पै. मास्तर, तेवढेच. होडी, नऊ रुपये अकरा आणे, कोळीवाड्यातर्फे धर्मा तांडेल. धर्मानं पैसे ओंजळीत घेतले, मोजले नाहीत, आणि तसेच मास्तरांच्या पुढ्यात धरले.

"ह्ये काय?" मास्तर म्हणाले.

"होरीचा पैसा घरी न्हाय नेत. होरीलाच लावायचा असतो. डांबर, डागडुजी." धर्मा उठला. "आनि वळकटी आजच आना. माझा माळा झारून ठेवलाय."

वहीत कुणाच्या नावावर लिहायचं, हा प्रश्न होता. मग लिहिलं : होडीचा वाटा, रुपये नऊ आणे अकरा, दिले धर्मा तांडेल यांस, त्यांनी जागेवर, डागडुजीकरिता, दिले मास्तरांस.